डॉलीची सोय

वत्सलाबाई केदारेंना आयुष्यात कुणी काही विचारलंच नाही, असं म्हणता येणार नाही. विचारलं, पण एकदाच. आणि एकदाच विचारणाऱ्याला हो म्हणायचं, हे त्यांना कधी जमलं नाही.

आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारला की पाहुणा म्हणतो, "आत्ताच झाला." तरी आपण आधण ठेवायचं असतं. पंगतीत ताटावर हात आडवा धरून "नको, नको" म्हणणाऱ्याच्या बोटांमधून वाढप्यानं वरण सोडलं नाही, तर तो माणूस अर्धपोटी उठतो आणि पुढची दहा वर्षं ते लग्न लक्षात ठेवतो. ही रीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण बाकीची माणसं ती चहापुरती आणि पंगतीपुरती ठेवतात. वत्सलाबाईंनी ती सबंध आयुष्याला लावली.

मी लता गांगुर्डे. त्या आणि मी, दोघी महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका. त्या तिसरीला, मी चौथीला. राहायला दोघी सातपूरच्या एकाच कॉलनीत, भिंतीला भिंत लावून. त्यांचे यजमान भिमाजीभाऊ तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते, माझे यजमान दुसऱ्या कारखान्याच्या भांडारात. वयानं त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, आणि स्वभावानं इतक्या मऊ की मला कधी कधी त्यांचा राग यायचा. माझा स्वभाव तिखट आहे, हे मी आधीच सांगून ठेवते.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा आमची शाळा पार नाशिकरोडच्या अंगाला. रोज सकाळी दोन बस, त्यातली एक द्वारका चौकात बदलायची. त्या गर्दीत वत्सलाबाई नेहमी मागे राहायच्या, कारण "आधी तुम्ही चढा" म्हणायची सवय. अशात सातपूरच्या शाळेत एक जागा रिकामी झाली. शिक्षण मंडळाचे साहेब तपासणीला आले होते, त्यांनी सेवाज्येष्ठता बघून आधी वत्सलाबाईंना विचारलं, "केदारेबाई, तुम्हाला देऊ का बदली? घराजवळ पडेल." बाई पदर सावरत म्हणाल्या, "नको साहेब, आहे तिथं बरी आहे." साहेबांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळले. मी हो म्हटलं. मला शाळकरी मूल होतं, आणि नसतं तरी मी हो म्हटलंच असतं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. कॉलनी जवळ आल्यावर म्हणाल्या, "मला वाटलं, पुन्हा एकदा विचारतील."

पुढची आठ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्या दोन बस बदलून जात राहिल्या. माझ्याबद्दल त्यांच्या मनात कधी काही आलं नाही. ते माझ्या मनात राहिलं.

त्यांची ही भाषा एकाच माणसाला नीट कळायची, भिमाजीभाऊंना. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. "सिनेमाला जायचं का?" "नको हो, वह्या तपासायच्यात." "जायचं का गं?" "तुम्ही या जाऊन." मग भाऊ म्हणायचे, "वत्सला, चप्पल घाल." आणि त्या बाहेर यायच्या त्या पावडर लावून, केस विंचरून, तयार होऊन. पहिल्या 'नको'लाच त्या उठलेल्या असायच्या. पाळी करून दमून आलेला माणूस, पण तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय त्यानं कधी विषय सोडला नाही.

त्यांचा एकुलता मुलगा सुयश. इंजिनिअर झाला, पुण्याला संगणकाच्या कंपनीत लागला, तिथंच पायलशी लग्न केलं, तिथंच तीन बेडरूमचा फ्लॅट घेतला. मुलगा वाईट नाही. दर रविवारी फोन करतो, औषधं विचारतो, दिवाळीला साडी आणतो. आईवर त्याचा जीव नाही असंही मी म्हणणार नाही. पण जीव असणं वेगळं आणि घरात जागा करणं वेगळं, हे मला साठीला आल्यावर समजलं.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत भिमाजीभाऊ झोपेतच गेले. बाईंना निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पुण्यानुमोदनाला कॉलनीतले सगळे आले, विहारातून भंतेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं, जेवणं झाली. भाऊंचे धाकटे बंधू भिकन सायखेड्याहून आले होते. शेतकरी माणूस, मनात काही ठेवत नाही. हात धुऊन ते ओट्यावर बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सुयश, आईला आता हितं एकटीला ठिवू नको. तुझं तिकडं लय मोठं घर हाय म्हनतो ना?"

सगळे सुयशकडे बघायला लागले. तो पांढऱ्या शर्टात उभा होता, डोळे सुजलेले. तो म्हणाला, "आई, चल ना पुण्याला."

वत्सलाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "नको रे. मी इथंच बरी. ह्यांची सगळी माणसं इथं आहेत."

मला ठाऊक होतं, आता दुसऱ्यांदा विचारायला हवं. भिकनलाही ठाऊक असणार, कारण ते पुतण्याकडे बघतच राहिले. सुयश म्हणाला, "बरं आई. तुला जसं बरं वाटेल तसं." आणि पाठीवर ठेवलेलं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसे त्याचे खांदे खाली आले. ते मी पाहिलं. त्या दिवशी ते पाहणारी मी एकटीच असेन तर बरं, असं मला वाटलं होतं.

दोन दिवस तो राहिला. त्या दोन दिवसांत मी साखर द्यायला त्यांच्याकडे गेले, तर आतल्या दाराआड सुटकेस भरून ठेवलेली. वर बाईंच्या चष्म्याचं घर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी. मी साखरेची वाटी ठेवली आणि परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी सुयश आणि पायल निघाले, बाईंनी हात हलवला, आणि दुपारी मला भिंतीपलीकडून कपाटाचं दार वाजलेलं ऐकू आलं. कपडे पुन्हा आत जात होते.

त्यानंतर वर्षभर त्या मला एकच वाक्य सांगत राहिल्या. "तो न्यायला तयार होता हो, मीच नको म्हटलं." विहारात सांगत, भाजीवालीला सांगत, मला तर आठवड्यातून एकदा. मी हूं म्हणायचे.

मग चार सालच्या एप्रिलमध्ये डॉली आली.

डॉली म्हणजे सुयश-पायलची कुत्री. पांढरीशुभ्र पॉमेरियन, भाकरीच्या टोपलीएवढी, त्यातला निम्मा केसांचा फुगारा. ह्या जातीचं आमच्या गावाला अप्रूप नव्हतं. नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास नाशकात ज्याच्या दारातली स्कूटर जाऊन मारुती आली, त्याच्या घरात मागोमाग एक पांढरी पॉमेरियन आली. आमच्या कॉलनीत तिला पामेलियन म्हणत आणि ती बंगल्यात असते असं समजत. आमच्याकडे कुत्रे होते ते कोपऱ्यावरचे, कुणाचेच नसलेले, रात्रपाळीच्या लोकांना ओळखून न भुंकणारे.

त्या शनिवारी सुयश-पायल डॉलीला घेऊन आले. बाईंनी मलाही जेवायला बोलावलं होतं. जेवणं होत आली तशी सुयशनं विषय काढला. ती दोघं सकाळी आठला घर सोडतात ती रात्री आठ-नऊला येतात. डॉली दिवसभर एकटी. ती भुंकून भुंकून घर डोक्यावर घेते, खात नाही, दाराची कड कुरतडते. सोसायटीनं दोनदा नोटीस दिली होती. "तिला असं घर हवं, जिथं दिवसभर कुणीतरी असतं," सुयश म्हणाला. "आणि तुलाही सोबत होईल, आई. घेतेस?"

"नको रे बाबा," बाई म्हणाल्या. "मला नाही जमायचं कुत्र्याचं."

"आई, काही करावं लागत नाही. फार गुणी आहे ती. घे ना."

"ह्या वयात कुठं नवीन लचांड."

"आई, माझ्यासाठी घे. घेच तू. नाही म्हणू नकोस."

पायलचे डोळे भरून आले होते. "आई, प्लीज. अनोळखी माणसांकडे द्यायला जीव होत नाही."

मी ताटातल्या भाताशी खेळत मोजत होते. तीनदा. कुत्रीसाठी पोरानं आईला तीनदा आग्रह केला, अगदी बाप करायचा तसा. म्हणजे त्याला येत नव्हतं असं नाही. मी उठून पाणी प्यायला आत गेले.

आणि बाईंचं काय झालं म्हणता? कितीतरी दिवसांत त्यांना कुणी तीनदा विचारलं नव्हतं. त्या विरघळल्या. "ठेवून जा आठ दिवस," त्या म्हणाल्या. "बघते. पुढच्या रविवारी सांगते."

जाताना सुयशनं पॉमेरियनची माहिती इंटरनेटवरून काढलेले छापील कागद दिले. इंग्रजीत होते, म्हणून बाईंनी दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडून वाचून घेतले. लहान घरात राहू शकते. म्हाताऱ्या माणसांना चांगली सोबत करते. केस रोज विंचरावेत. उन्हाळा सोसत नाही. आणि शेवटी जाड अक्षरात, ह्या जातीला माणसांची फार ओढ असल्यामुळे तिला एकटं ठेवू नये, एकटेपणानं ती खाणं सोडते आणि आजारी पडते. मी हे मराठीत सांगितलं आणि कागद टेबलावर आपटला. बाई म्हणाल्या, "मुकं जनावर आहे हो, त्याला सांगता येत नाही ना." मला म्हणायचं होतं की सांगता येणाऱ्यांचं तरी कोण ऐकतंय. पण तेव्हा मी गप्प बसले, आणि पुढेही तसंच गप्प बसायला हवं होतं हे मला नंतर कळलं.

बाईंनी तीस वर्षं शाळेत रोजचं टाचण काढलं. उद्या काय शिकवायचं ते आदल्या दिवशी वहीत लिहिल्याशिवाय त्या वर्गात पाय ठेवत नसत. डॉलीचंही त्यांनी टाचण काढलं. सकाळी सहा, फेरी. साडेसात, दूध-पोळी, पोळी कुस्करून. दहा ते पाच ओलं गोणपाट मोरीच्या दारात, कारण एप्रिलच्या उन्हात त्या केसाळ जिवाची जीभ लोंबायची. आठ दिवसांत कॉलनीनं एक नवल पाहिलं. केदारेबाई सकाळी सहाला हातात पट्टा धरून फिरायला निघाल्या. भाऊ गेल्यापासून त्या घरात आवाज म्हणून नव्हता, आता भिंतीपलीकडून बोलणं ऐकू यायला लागलं. "डॉली, हजर म्हण. डॉली, कुठं गेलीस? अगं, पदर सोड." त्यांचा आवाज बसला होता, तो मोकळा झाला. गुरुवारी मी गेले तर डॉली त्यांच्या पायावर मान टाकून झोपली होती आणि बाई पाय हलू नये म्हणून तासभर तशाच बसल्या होत्या. फोन वाजला तरी उठल्या नाहीत.

मी म्हटलं, "बाई, घेऊन टाका. लळा लागलाय दोघींना."

त्यांनी उशाखालून टाचणवही काढून माझ्यापुढे धरली. एका पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले होते. 'घ्यावी' ह्या रकान्यात नऊ ओळी होत्या. घरात हालचाल राहते. फिरणं होतं. रात्री भीती वाटत नाही. सुयशचं काम होतं. पायलला बरं वाटेल. अशाच. 'घेऊ नये' ह्या रकान्यात एकच ओळ होती. 'मग सुयश मला नेणार नाही.'

"समजलं का लताबाई?" त्या म्हणाल्या. "ही इथं आली की मी इथली झाले. हिला सोडून कुठं जाणार? आणि हिला घेऊन तिकडं परत कशी जाणार? तिकडून तर तिला काढलीय. उद्या कुणी त्याला विचारलं, आई एकटी आहे का रे, तर तो म्हणेल, एकटी कुठं, डॉली आहे. आणि खोटंही नसेल ते."

"तुम्हाला जायचंय का पुण्याला?"

"मीच नको म्हटलं ना तेव्हा," त्या म्हणाल्या. "तो पुन्हा विचारेल म्हणून वाट बघतेय. हिला नाही म्हटलं तर कदाचित विचारेल. मग तूच चल, म्हणेल."

तेव्हा माझा तोल गेला. दहा वर्षांपूर्वीची ती बस आठवली, दाराआडची सुटकेस आठवली. मी म्हटलं, "बाई, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? आजकालच्या पोरांना तुमचं नको म्हणजे हो कळत नाही. त्यांना एकदा नको म्हटलं की ते नको असतं. रविवारी तो आला की सरळ तोंडानं सांगा, मला कुत्री नको, मला तुझ्याकडं यायचंय. पोटचा पोर आहे. त्याच्याशी कसली रीत पाळताय?"

त्या बराच वेळ डॉलीच्या कानामागे खाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं मागितलं तर बरं दिसेल का?"

"दिसेल," मी म्हटलं. मला स्वतःबद्दल फार खात्री असते.

रविवारी बाईंनी काळ्या मसाल्याचं मटण केलं, बाजरीच्या भाकरी केल्या. मला हात धरून बसवून घेतलं, "तुम्ही असलात की मला बोलता येईल." सुयशनं मिटक्या मारत खाल्लं. डॉली पायलच्या मांडीवरून बाईंच्या मांडीवर आणि परत, अशा उड्या मारत होती. पायल हसून म्हणाली, "बघा ना, आठ दिवसांत तुमचीच झाली."

सुयश म्हणाला, "मग आई, ठरलं ना? तिची इंजेक्शनची फाईल गाडीत आहे, आणतो."

बाईंनी हात धुतले, पदराला पुसले. त्यांचा आवाज वर्गात नवीन धडा सुरू करताना व्हायचा तसा एकसारखा होता. "सुयश, मला डॉली नको. गुणी आहे, पण नको. मला तुझ्याकडं राहायला यायचंय."

सुयशनं पायलकडे पाहिलं, पायलनं ताटाकडे.

"अगं आई," तो म्हणाला, "तूच म्हणाली होतीस ना नको म्हणून."

"म्हणाले होते. आता म्हणते, यायचंय."

"आई, तिकडे तुम्हाला करमणार नाही," पायल हळू आवाजात म्हणाली. ती उद्धट नव्हती, घाबरली होती. "दिवसभर घरात कुणी नसतं. तुम्ही एकट्या पडाल."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. डॉली तिकडे एकटी पडते म्हणून ती इकडे आली. आई तिकडे एकटी पडेल म्हणून तिनं इकडेच राहायचं. आणि इकडे ती कुणासोबत होती? हे मी मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

"माझं मी बघेन," बाई म्हणाल्या. "स्वयंपाक करीन. तुम्ही दमून येता. डॉलीलाही मग दिवसभर कुणीतरी होईल. तिला कुठं पाठवायला नको."

इतकं सरळ, इतकं सोपं. मला वाटलं, झालं. दोघांची अडचण एका फटक्यात सुटत होती. सुयश मात्र कपाळ चोळत होता. "बघू आई," तो म्हणाला. "काहीतरी करू या. थोडा वेळ दे मला."

ते डॉलीला घेऊन गेले. गाडीत चढवताना ती पायलच्या हातातून सुटून दोनदा बाईंकडे पळत आली. तिसऱ्यांदा बाईंनीच उचलून आत ठेवली आणि काच वर करायला सांगितली.

गाडी वळली तशा त्या माझ्याकडे वळल्या. चेहरा उजळला होता. "काहीतरी करू या म्हणाला," त्या म्हणाल्या. "नाही म्हणाला नाही."

पुढचे तीन आठवडे त्यांच्या अंगात नवीनच वारं शिरलं. विहारात त्यांनी सांगून टाकलं की ह्या पावसाळ्यात वर्षावासाच्या कार्यक्रमाला मी बहुतेक नसेन, वाचनाला दुसरं कुणी बघा. दुधवाल्याला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून बंद होईल. भाऊंची हत्यारांची पेटी भिकनकडे सायखेड्याला पाठवली. पुण्यात पाणी जड आहे का, तिथं बाजरी मिळते का, हे मला विचारायच्या, जणू मी तिथं दहा वर्षं राहून आले होते. तीन रविवार सुयशचा फोन आला, तिन्ही वेळा इकडचं तिकडचं बोलून ठेवला. "कामात आहे," त्या म्हणायच्या. "त्याला सगळं जुळवावं लागत असेल." मीही म्हणायचे, "हो ना, जुळवावं लागतं." मला पक्की खात्री होती. मला त्या बोलल्याचा अभिमानसुद्धा वाटत होता, स्वतःच्या शहाणपणाचा तर फारच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, मी त्यांच्याकडे कुरडया वाळल्या का बघायला गेले होते. फोन वाजला. वय झाल्यापासून त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला. पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येई.

"आई, चांगली बातमी आहे," सुयश म्हणाला. त्याचा आवाज खरंच आनंदी होता.

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांचा हात माझ्या हातावर आला.

"डॉलीची सोय झाली."

"हो का," बाई म्हणाल्या.

"अगं, किती शोधलं. पंधरा-वीस घरं बघितली असतील. पायल तर प्रत्येक घरी जाऊन बसून आली, माणसं कशी आहेत, घर कसं आहे. शेवटी आमच्या मागच्याच सोसायटीत मिळालं. फार चांगले लोक आहेत. नवरा-बायको दोघं नोकरी करतात, पण त्यांच्याकडे आजी असतात ना. त्याची आई. त्यांच्याजवळच राहतात, त्यामुळे दिवसभर घरी कुणीतरी असतंच. डॉलीला एकटं राहावंच लागणार नाही."

"खाते का नीट?" बाईंनी विचारलं.

"खाते की. आजी हातानं भरवतात. तू आता अजिबात काळजी करू नकोस. आमच्या डोक्यावरचं मोठं टेन्शन गेलं. बरं, ठेवू? मीटिंगला उशीर होतोय. गोळ्या घेतेस ना?"

"घेते."

त्यांनी फोन ठेवला. माझ्या हातावरचा हात मात्र तसाच होता, तो काढायचं त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी काही बोलेन म्हणून त्यांनी वाट पाहिली, असं मला आता वाटतं. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं. मुका जीव होता, मार्गी लागला." आणि उठून गच्चीत कुरडया उलटायला गेल्या.

मी घरी आले आणि रागानं रडले. आधी मला सुयशचा राग आला, मग त्या न पाहिलेल्या पुण्याच्या आजीचासुद्धा. रात्री कळलं की राग खरा कुणाचा येतोय ते. वर्षभर त्या बाई एका वाक्यावर जगत होत्या, तो न्यायला तयार होता, मीच नको म्हटलं. ती चूक त्यांची स्वतःची होती आणि त्यांना तिचा आधार होता. त्या वाक्यात मुलगा चांगला होता, घर उघडं होतं, आणि एक ना एक दिवस तो पुन्हा विचारणार होता. त्यांनी माझं ऐकलं नसतं तर ते वाक्य त्यांना मरेपर्यंत पुरलं असतं.

त्या वर्षी वर्षावासाच्या वाचनाला पहिल्या दिवसापासून त्याच बसल्या. कुणीतरी विचारलं, "बाई, तुम्ही पुण्याला जाणार होतात ना?" मी शेजारीच होते. मला वाटलं, नेहमीचं वाक्य म्हणतील, मीच नको म्हटलं. त्यांनी ग्रंथाचं पान उलटलं आणि म्हणाल्या, "नाही. त्यांना जमण्यासारखं नाही."